दोरीवर वाळत घातलेला दिवस

पहिलीच्या वर्गातली तेवीस मुलं मी एकदा खिचडीच्या आधीच घरी पाठवून दिली. 'पाठवली' म्हणणंही जास्तच होईल, कारण पाठवायला मी तिथे नव्हतो. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून मोबाईलला रेंज शोधत होतो. कसलीशी ऑनलाइन माहिती त्याच दिवशी, त्याच तासाला भरायची होती, आणि आमच्या शाळेत रेंज फक्त त्या खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी येते. माहिती भरून वर्गात आलो, तर वर्गात कोणी नाही. दप्तरं नाहीत, बाटल्या नाहीत, दाराबाहेरच्या चपला नाहीत. फळ्यावर मात्र माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं : 'आजची उपस्थिती – २३'.

इतर शिक्षकांच्या हातून एखादं मूल नजरेआड होतं. माझ्या हातून वर्ग गेला.

मुलांची ह्यात काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनी मी शिकवलं होतं तेच, आणि अगदी मी शिकवलं होतं तसंच केलं. चूक माझ्या चित्रकलेची होती.

ह्या दिवाळी अंकासाठी 'शाळेतले अनुभव' लिहा असा निरोप आला, तेव्हा बायको म्हणाली, "आदर्शबिदर्श लिहू नका, लोकांना झोप येते. ते खिचडीचं लिहा." तेव्हा लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. अमळनेरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आहे एवढं पुरे. गावातले लोक हा अंक वाचतात.

पहिलीचा शिक्षक काय करतो हे लोकांना नीटसं ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, आम्ही अक्षरं शिकवतो. अक्षरं शेवटी, वेळ उरला तर. दिवसातला मोठा भाग नाड्या बांधणं, बटणं लावणं, हरवलेली डावी चप्पल शोधणं आणि "गुरुजी, यानी माले मारं" ह्या अहिराणी खटल्यांचा निकाल देणं ह्यात जातो. पहिलीचं मूल घरून येतं तेव्हा त्याला रांग म्हणजे काय, आपली पाळी म्हणजे काय, हेसुद्धा माहीत नसतं. ते सगळं रोज तेच, त्याच वेळी, तसंच करून अंगात मुरवावं लागतं. हे मला नोकरीला वीस वर्षं झाल्यावर कळलं. त्याआधी मी वेगळ्याच भ्रमात होतो. माझ्या वर्गात रोज काहीतरी नवीन असतं, अशी माझी ख्याती होती. ख्याती म्हणजे, मीच तसं सांगत असे. कधी मी अस्वल होऊन वर्गात शिरायचो, कधी गणित झाडाखाली, कधी प्रार्थनेच्या ऐवजी एकदम टाळ्यांचा खेळ.

आणि मग एका जूनमध्ये सना आली.

सनाचे वडील गाद्या-रजया भरतात. बाजाराच्या दिवशी कधी अमळनेर, कधी धुळे. तिला शाळेत सोडायला यायची ती तिची आजी. तिला सगळं गाव दादी म्हणतं. दादी बारीक, ताठ, आणि आवाज असा की वर्गात बसून शाळेबाहेरचं बोलणं ऐकू यावं. सना सहा वर्षांची. ती बोलत नसे. शाळेची घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळायची. कोणी मागून धक्का दिला की पळत सुटायची, ती थेट पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायची. पहिल्या दिवशी तिला खूश करावं म्हणून मी अस्वल झालो. त्या दिवशी ती टाकीखालून दुपारी बाहेर आली.

मुलं तिला 'येडी' म्हणाली. दादीनं ते फाटकातून ऐकलं.

"मास्टर," दादी म्हणाली, "मेरी पोती कोई तमाशा नहीं. इसकी अम्मी बोलती स्कूल भेजो, तो भेजी मैं. दिवाली की छुट्टी लगे तक देखती. नहीं जमा तो नाम काटो."

नाव असं कापता येत नाही. पण मूल घरी ठेवून हजेरीपटावर नाव जिवंत ठेवता येतं, आणि तशी नावं मी पाहिलेली आहेत. धुळ्याकडच्या शाळेत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो एका जागी बसत नसे, एकच शब्द दिवसभर म्हणत राही. मी त्याला मागच्या भिंतीशी बसवलं आणि मऊ मातीचा गोळा दिला. माझं काम सोपं झालं. दिवाळीनंतर तो आलाच नाही. मी मार्चपर्यंत रोज त्याचं नाव पुकारत होतो आणि रोज आपणच 'गैरहजर' लिहीत होतो. त्याच्या घरी मी एकदाही गेलो नाही. ते गाव शाळेपासून दीड किलोमीटर होतं, हे मला अजून पाठ आहे.

तेव्हा ह्या वेळी मी घाबरलो आणि देवरे मॅडमना गाठलं. देवरे मॅडम म्हणजे तालुक्यातल्या फिरत्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकताना जास्तीची मदत लागते त्यांच्यासाठी त्या शाळाशाळांतून फिरतात. आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा. त्यांनी वर्गात एक अख्खा दिवस बसून सनाला पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या वर्गात रोज काहीतरी नवीन असतं."

"हो!" मी खूश.

"तोच तिचा त्रास आहे. तिला शाळेची भीती नाही वाटत. पुढे काय होणार हे कळत नाही, त्याची भीती वाटते. तुम्हाला कोणी बसमध्ये बसवलं आणि बस कुठे जाते ते सांगितलंच नाही, वर मध्येच ड्रायव्हर अस्वल झाला, तर?"

अस्वल त्याच दिवशी बंद झालं.

मॅडमनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की मला थोडा राग आला. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं काढायची, सकाळी ओळीनं टांगायची, आणि एकेक गोष्ट झाली की ते चित्र सनानं स्वतः काढून डब्यात टाकायचं. सगळ्या वर्गासाठी एकच. "तिच्यासाठी वेगळं काही मांडू नका," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा दिवस तिला समजेल असा करा. आणि बदल करायचा असेल तर सकाळीच दोरीवर करा. आधी कळलेला बदल तिला चालतो. एकदा दिवस सुरू झाला की दोरीला हात लावायचा नाही. तुम्ही दोरीचं ऐकलं नाहीत, तर तीही ऐकणार नाही."

झालं. मी घरून कपडे वाळत घालायची दोरी आणली. चिमटे आणले, निळे, अठरा. बायकोनं नुकतेच घेतले होते. नऊ चित्रं, एका चित्राला दोन चिमटे. प्रार्थना, हजेरी, गोष्ट, खडे – म्हणजे गणित – मग खिचडी, खेळ, वाचन, गाणं आणि शेवटी घर. चित्रं मी स्वतः काढली. माझं चित्र बघून ते कशाचं आहे ते ओळखण्याचा खेळ आमच्या घरी पाहुणे आले की खेळतात.

आठवडाभर काही झालं नाही. मग एक दिवस प्रार्थना संपली आणि सना दोरीपाशी गेली. जोडलेल्या हातांचं चित्र (बायको म्हणते खेकड्याचं) काढलं, डालड्याच्या जुन्या डब्यात टाकलं, आणि पुढच्या चित्रावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, चला, हजेरी घ्या. त्या दिवसापासून माझ्या वर्गाचं मुख्याध्यापकपद सनाकडे गेलं ते गेलंच. मी गोष्ट लांबवली की ती उठून चित्रावर बोट टकटक वाजवायची. गोष्ट अर्धवट सोडून मी खड्यांकडे वळायचो. लाकूडतोड्या बिचारा दोन दोन दिवस विहिरीपाशी उभा.

रोजच्या साध्या गोष्टींना मग आम्ही एकेक करून दुरुस्त केलं. हजेरीला 'हजर' म्हणायचं, तर सना बोलत नाही. म्हणून ठरवलं, ज्याला जसं जमेल तसं आपण आहोत हे कळवावं. सनानं आपली स्टीलची बाटली फरशीवर एकदा टक् करून ठेवली. झाली तिची हजेरी. दुसऱ्या दिवशी तेवीसच्या तेवीस जणांनी बाटल्या आपटल्या. शेजारच्या दुसरीच्या बाईंना वाटलं, आम्ही भांड्यांचं दुकान उघडलं.

घंटेचंही तसंच. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि तो बडवायचा मान मुख्याध्यापक नाना कोणाला देत नाहीत. मी नानांना विनंती केली की बडवण्याआधी दारातून नुसता हात दाखवा. नाना हात दाखवायचे, सना कानांवर हात ठेवायची, आणि तिचं बघून सगळा वर्ग कानांवर हात ठेवायचा. आठवडाभर नानांनी हे चालवून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, इतके वर्स व्हयनात, मनी घंटाना असा अपमान कोनी करा नही."

वर्गात मोहिनी नावाची दुसरी एक चीज होती. ती तीन मिनिटांपेक्षा जास्त बसू शकत नसे; बसवली की शेजारच्याला तरी उठवत असे. मॅडम म्हणाल्या, तिला बसवू नका, तिला काम द्या. मी तिला टपाल खातं दिलं. दर अर्ध्या तासानं एक चिठ्ठी घेऊन नानांकडे जायचं, सही घेऊन परत यायचं. चिठ्ठीवर काय लिहायचं हा प्रश्न होता. मी लिहायचो : 'काही नाही.' नाना त्याखाली लिहायचे : 'पाहिले', आणि सही. दिवसाला आठ चिठ्ठ्या. त्या सगळ्या नाना फाईलला लावत. सरकारी माणूस, कागद हाताला आला की तो फाईलला जातो.

आणि घरी जायची वेळ. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं रामायण इथेच झालं. एक पोरगं सुटताना ट्रॅक्टरसमोर धावलं होतं, तेव्हापासून मी आगगाडी सुरू केली होती. पलंगाची जुनी नवार होती (हीसुद्धा घरूनच आणलेली, आणि त्याबद्दल घरी वेगळं बोलणं झालं), तिला तेवीस गाठी मारल्या. एकेका मुलानं एकेक गाठ धरायची. इंजिन सना, कारण पुढे कोणी नसलं की तिला धक्का लागत नाही. फाटकापाशी मी उभा. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "उद्या." मूल म्हणणार, "उद्या," गाठ सोडणार, आणि घरी जाणार. डोक्याला हात लागल्याशिवाय गाठ सोडायची नाही म्हणजे नाही. सनाला मी "उद्या" म्हणायचो. ती काही म्हणायची नाही. गाठ मात्र तेव्हाच सोडायची.

असं करत करत ऑक्टोबर आला. सना टाकीखाली गेली नव्हती त्याला दीड महिना झाला होता. मी मनातल्या मनात दादीला जिंकून बसलो होतो.

तेवढ्यात सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी नानांनी जादूगार बोलावला. फुकट येत होता म्हणून बोलावला. दोरीवर जादूगार नव्हता. जादूगारानं ढोल वाजवला, पोटातून कबूतर काढलं, आणि सना जी पळाली ती टाकीखाली, तिथून फाटकाबाहेर. कापसाच्या बैलगाडीखाली सापडली, बाही फाटलेली, कपाळाला खोक. मी मध्येच उठून नानांना थांबवायला हवं होतं. मी कबूतर बघत बसलो होतो.

दादी आली, तिनं पोरीला पदराखाली घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बस, मास्टर. सोमवार आखरी. सोमवार को छोड के जाती, शाम को आके नाम काट के लेके जाती." दादीचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट होता.

त्याच संध्याकाळी घरी दिवाळीची आवराआवर निघालेली. बायको, म्हणजे सुनंदा, अंगणात सहा गोधड्या पिळून उभी. "माझे चिमटे," एवढंच म्हणाली. मी तिला समजावलं की एका मुलीचं शिक्षण त्या चिमट्यांवर लटकलेलं आहे. ती म्हणाली, "दोन दिवस माझ्या गोधड्या लटकू द्या. सोमवारी न्या." दोरीवरची चित्रं मी चिमट्यांसकट पिशवीत भरून घरी आणलीच होती. चिमटे दिले.

सोमवारी सकाळी मला दादीशिवाय काही दिसत नव्हतं. चष्माही घरी राहिला होता, म्हणून दादीसुद्धा धूसरच दिसत होती. घाईघाईनं चित्रं टांगली. आता, माझं खिचडीचं पातेलं आणि माझं घर ह्यांत तुम्हाला सांगतो फरक काय : दोन्ही चौकोनी, दोन्हींच्या वर झाकणासारखं काहीतरी, दोन्हींतून धूर निघतोय. घराला एक दार आहे. ते दार बिनचष्म्याच्या माणसाला दिसत नाही. मी खिचडीच्या जागी घर लावलं आणि शेवटी, घराच्या जागी, खिचडी.

सना सकाळी दोरी बघत बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, शनिवारचा धक्का असेल. नाही, ती बदल वाचत होती. आधी कळलेला बदल तिला चालतो.

साडेबाराच्या सुमारास मी रेंजकडे गेलो. जाताना वर्गाला म्हणालो, "खडे झाले की दोरी सांगेल ते करा. मी आलोच." पाच मिनिटांनी मोहिनी चिठ्ठी घेऊन आली. मी ती आधीच लिहून ठेवलेली असे. 'काही नाही.' नानांनी लिहिलं, 'पाहिले', सही केली. मोहिनी गेली. आणि तिकडे सनानं खडे काढून डब्यात टाकले, घराच्या चित्रावर बोट ठेवलं, तेही डब्यात टाकलं, दप्तर पाठीला लावलं आणि पहिली गाठ धरली.

तेवीस मुलं रांगेत, गप, नवार धरून शाळेच्या फाटकातून बाहेर पडली तरी कोणी अडवलं नाही. रांगेत चाललेल्या मुलांना आपल्याकडे कोणी काही विचारत नाही. लोक कौतुकानं बाजूला होतात. मी रिकाम्या वर्गातून धावत बाहेर आलो, तर खिचडी करणाऱ्या अक्का झारा घेऊन दारात उभ्या.

"अक्का, पोरं कुठे गेली?"

"माले काय इचारतस गुरुजी? फेरी शे ना आज? बठ्ठा पोरे रांगमा गयात, काय मस्त दिखे! आते मनी खिचडी कोन खाई ते सांगा."

मी पळालो. पन्नाशी ओलांडलेला माणूस गावातून पळताना दिसला की लोक ओट्यावर उभे राहतात. पिठाच्या गिरणीपाशी एक आबा म्हणाले, "गुरुजी, तुम्हनी फेरी पुढे गई, तुम्ही मांगे ऱ्हायनात." पुढे नाला आहे, त्यावर कठडा नसलेली फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. त्या फरशीवर मला ओल्या चपलांचे बारीक ठसे दिसले, एकामागे एक, सरळ ओळीत. मी काठाशी जाऊन आधी खाली पाण्यात पाहिलं. हसण्याची गोष्ट म्हणून सांगतो आहे, पण त्या फरशीवर मी हसत नव्हतो. मला दीड किलोमीटरवरचं ते गाव आठवत होतं.

दादीच्या गल्लीत वळलो आणि थांबलो. रोज फाटकापाशी माझा हात डोक्यावर पडला की गाठ सुटायची. आज फाटकात मीच नव्हतो. मग गाठ सोडणार कोण? अख्खी आगगाडी इंजिनामागे इंजिनाच्या घरी आली होती. सनाचं घर आलंच होतं, ती गाठ सोडून आत गेली होती आणि दप्तर खुंटीला लावून हातपाय धूत होती. बाहेर बावीस मुलं नवार धरून उन्हात ताटकळत उभी. समोर दादी, कमरेवर हात.

"जाव रे! अपने अपने घर जाव!"

मोहिनी सगळ्यांच्या वतीनं म्हणाली, "गुरुजीनी डोकाले हात लावा नही, दादी."

"तो मैं लगाती!"

"तुम्ही गुरुजी नही शेत."

एवढ्यात दादीला मी दिसलो. पुढची दोन मिनिटं ती जे बोलली ते दिवाळी अंकात येण्यासारखं नाही. सारांश असा की जो मास्टर एक मुलगी सांभाळू शकला नाही त्यानं आज तेवीस हरवून दाखवली. नाव शाम को नाही, आत्ताच काटो. मला धाप लागली होती. मी मान खाली घालून मुलं मोजत होतो. बावीस, आणि आत एक.

आतून सना आली. हातपाय धुतलेले, दप्तर पुन्हा पाठीला. तिनं एका हातानं पहिली गाठ धरली, दुसऱ्या हातानं दादीचं बोट, आणि ओढायला लागली. शाळेच्या दिशेनं.

"अरे! किधर? अभी तो आई ना घर को!"

मलाही आधी कळलं नाही. मग लख्खकन कळलं. दोरीवर घरानंतर चार चित्रं अजून बाकी होती. खेळ, वाचन, गाणं, खिचडी. घर झालं होतं, आता खेळ. दिवस संपला नव्हता.

"दादी," मी म्हणालो, "तिचं काम राहिलंय. ती शाळेत चाललीय."

जूनमध्ये जिला दादीनं धरून शाळेत आणावं लागायचं, ती आता दादीला धरून नेत होती. "चप्पल तो पहनने दे!" दादी ओरडत होती. पायात मिळाली ती घातली. एक तिची, एक सनाच्या वडलांची. आमची आगगाडी फरशीवरून, गिरणीवरून परत निघाली, मधोमध दादी. गिरणीपाशीचे आबा परत उभे राहिले.

शाळेत पोचलो तर खिचडी तयार, मुलं भुकेली, आणि दोरीवर खिचडी शेवटी. माझा हात चित्राकडे गेला. सना माझ्याकडे बघत होती. मॅडमचे शब्द आठवले. हात मागे घेतला. मग आम्ही पाच मिनिटांत खेळ उरकला. वाचन म्हणजे तेवीस जणांनी एकाच दमात एक ओळ. गाणं असं धावत म्हटलं की दुसरीच्या बाई भिंतीवर थाप मारून विचारू लागल्या काय झालं. प्रत्येक वेळी सना शांतपणे जाऊन चित्र काढत होती, डब्यात टाकत होती, आणि दादी पहिलीच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बघत होती. 'येडी' कोणी म्हणालं नाही. मोहिनी म्हणाली, "सना, खिचडी काढ ना लवकर, भूक लागनी!"

दादीनंही खिचडी खाल्ली. "नमक कम है," म्हणाली. अक्का त्यावर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

जेवणानंतर दोरी रिकामी. मी फळ्यावर चिमण्या काढत, माकडाच्या गोष्टी सांगत कसाबसा दिवस ढकलला. पाच वाजले. नाना हात दाखवून गेले, घंटा झाली, मुलं दप्तरं घेऊन उठली. दादी उठली, सनाचा हात धरला. "चल बेटा."

सना उठेना.

"चल, घर."

सनानं रिकाम्या दोरीकडे पाहिलं. घर तर केव्हाच होऊन गेलं होतं. दोरीवर नाही ते करायचं नाही. ती बाकाला घट्ट धरून बसली.

दादीनं ओढून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्टर, मैं नाम काटने आई थी. ये तो उठतीच नहीं." बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मी दुसरीकडे बघत दप्तरं मोजली.

मग दादी स्वतःच दोरीपाशी गेली. डालड्याच्या डब्यात हात घालून चित्रं चाळली, दोन हातांत दोन धरली. "इसमें घर कौनसा है?"

मी चष्म्याशिवाय सांगू शकलो नाही. सनानं बोट ठेवलं. दादीनं ते चित्र दोन निळ्या चिमट्यांनी दोरीला लावलं, मागे सरून वाकडं नाही ना बघितलं. सना उठली, चित्र काढलं, डब्यात टाकलं, आणि पहिली गाठ धरली.

फाटकात मी उभा. सनाच्या डोक्यावर हात ठेवला. हा शब्द म्हणायचा मला अधिकार उरला होता की नाही, ते ठाऊक नव्हतं. "उद्या," मी म्हणालो. सना काही म्हणाली नाही, कधीच म्हणत नाही. गाठ मात्र तिनं अजून धरून ठेवली होती, आणि ती दादीकडे बघत होती.

दादीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मैं बोलती इसके बदले," ती म्हणाली. "उद्या."

गाठ सुटली.

नानांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिला : 'खिचडीचे पातेले व घर यांच्या चित्रांत साम्य आढळल्याने वर्ग मुदतपूर्व मार्गस्थ झाला.' नानांनी त्याला मोहिनीची त्या दुपारची चिठ्ठी जोडली – 'काही नाही. पाहिले.' – आणि दोन्ही फाईलला लावून टाकलं. आता सना दुसरीत आहे. दोरीही तिच्याबरोबर दुसरीत गेली. दुसरीच्या बाई आधी हसल्या होत्या, आता माझ्याकडे चिमटे मागतात.

त्या संध्याकाळी मात्र मी घरी आलो तो फार भारावून. सुनंदाला सगळं सांगितलं, फरशी, गाठी, दादीची चप्पल, सगळं. चित्रंही दाखवली. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती गोधड्यांच्या घड्या घालता घालता ऐकत होती. मग तिनं माझं घर हातात घेतलं, उलटसुलट केलं, कपाटातून नातवाची रंगपेटी काढली, आणि कोऱ्या कागदावर पाच मिनिटांत दुसरं घर काढलं. दार, ओटा, आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी एक म्हातारी, पायांत दोन रंगांच्या चपला.

"घर असं काढतात," ती म्हणाली. "दारात वाट बघणारं कोणीतरी दिसायला हवं. नाहीतर कोणीही त्याला पातेलंच समजणार."